बाहेर पडलेला उंट

दादाचा फोटो आला तेव्हा ती सूक्ष्मदर्शकाखाली एका तुटलेल्या बोल्टाचं तोंड वाचत होती. वाचत, असंच प्रयोगशाळेत सगळे म्हणायचे. लोखंड एका दणक्यात तुटलं तर त्याचं तोंड नुसतं खडबडीत दिसतं. पण आतल्या आत चीर सरकत सरकत तुटलं असेल, तर ओहोटीनंतर वाळूवर राहतात तशा बारीक रेषा त्यावर राहतात, आणि त्या रेषांवरून मागे मागे जात राहिलं की टाचणीच्या टोकाएवढी एक जागा सापडते. सगळं तिथून सुरू झालेलं असतं. ती जागा सापडली की तिला दर वेळी आनंद व्हायचा आणि पाठोपाठ थोडी लाज वाटायची, कारण तोवर कुठलं तरी यंत्र बंद पडलेलं असायचं, कधी कुणाला लागलेलंही असायचं, आणि तिचा आनंद सगळ्यांच्या मागून लंगडत यायचा. आजच्या बोल्टाची जागा अजून सापडली नव्हती. टेबलावरचा फोन थरथरला म्हणून तिने डोळा उचलला. फोटोत बाबांच्या घरातला बुद्धिबळाचा पट होता. खाली दादाने लिहिलं होतं, 'उंट बघ. तूच म्हणाली होतीस.'

तिने उंट बघितला. पटावर मोहरी थोडीच उरली होती. पांढऱ्यांचा राजा, एक उंट, दोन प्यादी. काळ्यांचा राजा, एक हत्ती, एक प्यादं. फोटोत खिडकीकडची बाजू खाली होती. तिथे बाबांची खुर्ची. बाबा खिडकीशी बसणार आणि पांढरे घेणार, हे तिच्या जन्माआधीपासून ठरलेलं. त्यांच्या बाजूच्या दुसऱ्या ओळीत, म्हणजे डाव मांडताना प्यादी जिथे उभी करतात तिथेच, ती दोन पांढरी प्यादी उभी होती, मधे एक घर मोकळं सोडून. आता प्यादं काही मागे येत नाही. दुसऱ्या ओळीत आहे याचा अर्थ ते डाव सुरू झाल्यापासून जागचं हललेलं नाही. आणि त्या मोकळ्या घराच्या बरोबर मागे, अगदी कडेला, उंटाचं मूळ घर. उंट तिरका चालतो. त्या घरातून निघायला त्याला दोनच वाटा, डावीकडची तिरकी आणि उजवीकडची तिरकी, आणि दोन्ही वाटांवर त्याचीच प्यादी कुलपासारखी लटकलेली. तरी उंट बाहेर. पार तिकडे काळ्यांच्या मुलखाच्या वेशीवर ऐटीत उभा. दोन्ही दारांना आतून कड्या आणि घरधनी रस्त्यावर.

व्हरांड्यात येऊन तिने दादाला फोन लावला. दादा मालाच्या गाड्या सोडण्याचं काम बघायचा. त्याच्या मागे कुणीतरी कायम 'भरली, भरली' असं ओरडत असायचं.

"फोटोत उजेड चमकलाय," ती म्हणाली. "उंट काळ्या घरात आहे की पांढऱ्या?"

"चिमटे, उंट घराबाहेर आहे, एवढं पुरे नाही का?"

"नाही पुरे. उंट दोन असतात. एक जन्मभर काळ्या घरांवरून चालतो, दुसरा पांढऱ्या. हा पांढऱ्या घरात असला तर तो दुसरा. त्याचं दार वेगळं."

"मी निघालोय तिथून. काळ्यातच असेल."

"असेल म्हणजे?"

"असेल म्हणजे असेल." मग तो जरा थांबला. मागचा माणूसही नेमका थांबला. "हे बघ, मला यात जिंकायचं नाहीये. जिंकलो तर काय मिळणार आहे मला? पण तू शब्द दिला होतास. वहिनीने खोली लावून ठेवलीय. बाबांना शनिवारी न्यायचं का नाही, ते आज सांग."

शब्द तिने दिला होता हे खरं. मागे एकदा दादाच्या घरी जेवणं झाल्यावर तो बाबांच्या चुका बोटांवर मोजून सांगत होता: गॅस चालू राहिला, दूध करपलं, पेपर आणायला खाली गेले ते शेजारच्या इमारतीत जाऊन परक्या दाराला किल्ली लावत बसले. तिने प्रत्येकावर काहीतरी उत्तर काढलं होतं. दूध सगळ्यांचं करपतं. त्या दोन इमारती दिसतात सारख्या. शेवटी दादा वैतागून म्हणाला, म्हणजे काय झालं तर तू मान्य करशील, ते तरी सांग. आणि ती म्हणाली होती की ज्या दिवशी बाबा पट चुकतील त्या दिवशी. म्हणताना तिला फार बरं वाटलं होतं. एक तपासता येण्यासारखी गोष्ट समोर ठेवली, असं वाटलं होतं. घरातल्या बाकीच्या रडगाण्यात ती एकटीच विज्ञान शिकलेली होती, त्याचाही थोडा ताठा होता. आता बसमधून जाताना तिच्या लक्षात येत होतं, की ते वाक्य ती इतक्या सहज बोलली, कारण पट कधी चुकणारच नाही याची तिला खात्री होती. जे घडणारच नाही त्यावर पैज लावायला छाती लागत नाही.

बाबा विमा कंपनीत आगींचे तपासनीस होते. जळालेल्या दुकानात, गोदामात जायचं आणि जळालेल्यावरून पेटलेलं ओळखायचं. घरी आले की कपड्यांना ओल्या राखेचा वास यायचा आणि आई त्यांना उंबऱ्यातच थांबवायची. तुळई कुठल्या अंगाने जास्त खाल्लीय, काच वितळलीय की नुसती तडकलीय, भिंतीवर उठलेला काजळीचा पंखा कुठे सर्वांत निमुळता होतो, हे ते चहा पिता पिता सांगायचे, दुसरा कुणी क्रिकेटचं सांगेल तसं. आणि बुद्धिबळही ते तसंच खेळायचे, उलटं. ती शाळेतून यायची तेव्हा तिपाईवर पट असायचा, त्यावर मोहरी मांडून ठेवलेली, आणि बाबांचा एकच प्रश्न. शेवटची चाल कुठली? पुढे काय करायचं ते नाही. आता जे दिसतंय ते कशामुळे दिसतंय. काळ्याच्या राजाला शह बसलाय, पण हा उंट तिथे आला कुठून? प्यादी एका रांगेत एकामागे एक उभी आहेत, म्हणजे कुणाला तरी मारून ती या रांगेत आली. मग मेलं कोण? ती दप्तर न काढता पटासमोर बसायची आणि एकेक चाल दोन बोटांनी मागे घ्यायची. मोहरं उचलायची ती पद्धत बघून बाबांनी तिचं नाव चिमटा ठेवलं. दादाला यात काडीचा रस नव्हता. तो मित्रांबरोबर सरळ खेळायचा, शाळेच्या स्पर्धेत कप आणायचा. झालं ते झालं, आता पुढे काय ते बोला, हे त्याचं तेव्हापासूनचं. आई समोरच्या खुर्चीत भाजी निवडत बसायची. तिला बुद्धिबळ येत नव्हतं आणि शिकायचंही नव्हतं. "वरातीमागून घोडं ऐकलं होतं," ती म्हणायची, "तुमच्याकडे तर उंट, हत्ती सगळेच वरातीमागून." आणि कधी दोघं फारच वेळ डोकी खुपसून बसली, ताटं वाढून गार झाली, की म्हणायची, "उलट्या पायाची भुतं आहात दोघं. चालता इकडे, तोंड तिकडे."

बाबांच्या घराची किल्ली तिच्याकडे होती. दार उघडल्यावर ती क्षणभर तशीच उभी राहिली. काय शोधायचं हे ठरवून आलेल्या माणसाला त्याखेरीज काही दिसत नाही, हे बाबांचंच वाक्य. म्हणून आधी सगळं बघायचं. फरशी पुसलेली होती. चपला जोडीने लावलेल्या. स्वयंपाकघरात ओट्यावर भांडं नव्हतं, गॅसचं खालचं बटण बंद होतं. कॅलेंडरवर आजचा महिना होता. आतल्या खोलीत बाबा कुशीवर झोपले होते. चादर गळ्यापर्यंत, हात गालाखाली. दादा म्हणतो तसं काहीही कुठे नव्हतं. वकिलासारखी ती मनातल्या मनात एकेक मुद्दा टिपून घेत होती आणि आपण वकिलासारखं करतोय हेही तिला कळत होतं. मग ती तिपाईपाशी गेली. उंट काळ्या घरात होता.

ती बाबांच्या खुर्चीत बसली. दुपारचं ऊन पटावर आडवं पडलं होतं आणि प्रत्येक मोहऱ्याला त्याच्यापेक्षा लांब सावली होती. ठीक आहे, ती मनात म्हणाली. काळ्या घरांवरचा उंट, दोन्ही वाटा बंद. मग हा तो उंट नव्हेच. मूळचा उंट घरातल्या घरात मेला. काळ्यांच्या घोड्याने उडी मारून येऊन त्याला तिथल्या तिथे खाल्लं, असं होऊ शकतं. आणि हा जो बाहेर उभा आहे तो एकेकाळचं प्यादं. प्यादं शेवटच्या ओळीला पोचलं की त्याला बढती मिळते. सगळे वजीर मागतात, पण नियमाने उंटही मागता येतो. म्हणजे पट बरोबर. शब्द पाळला गेला, दादा हरला. तिने खुर्चीला पाठ टेकली आणि तिला लगेच कळलं की हे कोर्टात टिकेल, घरात टिकणार नाही. वजीर मिळत असताना उंट कोण मागतो? मांडलेल्या कोड्यात मागतात. लहानपणी बाबांनी तिला असं एक घातलं होतं आणि ती कितीतरी संध्याकाळी त्यात अडकून बसली होती. पण हे कोडं वाटत नव्हतं. कोड्यातली मोहरी घराच्या मधोमध उभी असतात. ही कडेला सरकलेली, तिरपी, हातांनी वापरलेली होती. एका प्याद्याला कशाचा तरी चिकट डाग होता. हा खरोखर खेळलेला डाव होता, आणि खरोखर खेळलेल्या डावात म्हातारी माणसं उंट मागत नाहीत. तेव्हा उरतं ते दादाचं म्हणणं. कुणीतरी, म्हणजे बाबांनी, पडलेला उंट उचलून मनाला येईल तिथे ठेवला. किंवा प्यादी मागे आणली. बाबांनी, ज्यांनी तिला प्याद्याचा पहिला नियम तिची बोटं आपल्या बोटांत धरून शिकवला होता.

घरात फार शांत होतं. आतून बाबांच्या श्वासाचा आवाज येत होता, संथ आणि सारखा. तिला रडू येईलसं वाटलं आणि आलं नाही. त्याऐवजी एक चमत्कारिक विचार आला. बाबांचं डोकं जर असं विस्कटलेलं असेल, तर त्यांनी जे जे शिकवलं त्यावर भरवसा ठेवायचा की नाही? मूर्खपणाचा विचार. शिकवणाऱ्याचं नंतर काय झालं यावर शिकवलेलं खरं-खोटं ठरत नाही, हे ती कुणालाही सांगू शकली असती. पण उन्हात बसून समोरच्या त्या दोन प्याद्यांकडे बघताना तिला आपल्याच पायाखालची एक फरशी हलल्यासारखी वाटत होती. ती उठली. चहा ठेवला. कप घेऊन परत आली तेव्हा बाबांच्या खुर्चीवर ऊन तापलं होतं, म्हणून ती समोर आईच्या खुर्चीत बसली आणि कप कुठे ठेवावा म्हणून तिने पटाकडे बघितलं.

इकडून सगळं सोपं होतं. इतकं सोपं की तिला हसूच आलं. इकडून बघितलं तर ती दोन प्यादी दुसऱ्या ओळीत नव्हतीच, शेवटून दुसऱ्या ओळीत होती. सगळा पट चालून, मारामाऱ्या निभावून बढतीच्या दारात येऊन ठेपलेली. आणि उंट आपल्याच मुलखाच्या जवळ, मालकासारखा उभा. त्याचं मूळ घर इकडे, या कडेला, त्याच्या वाटा कधीच्याच मोकळ्या. काळ्यांचा हत्ती एका प्याद्याच्या मागे येऊन उभा राहिला होता, आता हे पुढे सरकणार या धास्तीने. साधा, सरळ, शेवटाकडे आलेला डाव. पांढरे तिकडून खेळतच नव्हते. पांढरे इकडून, आईच्या खुर्चीतून खेळत होते.

मग ती पुरावे बघत गेली आणि ते पटापट मिळत गेले, एकदा जागा सापडली की मिळतात तसे. चष्म्याचं घर आईच्या खुर्चीच्या हातावर. उशी पाठीशी दबलेली, बाबांच्या पाठीच्या पोकाच्या आकारात. खालच्या फरशीवर बाबांच्या टाचा घासून पुसट झालेला पट्टा. बाबा आता इथे बसत होते. आईच्या जागी. आई गेल्याला काही वर्षं झाली होती, आणि एवढ्यात कधीतरी, कुणालाही न सांगता, ते खिडकी सोडून इकडे येऊन बसले होते, तिच्या पाठीने तयार केलेल्या खळग्यात. हे तिला इतकं पटलं, इतकं आवडलं, की तिला त्याचा संशय आला. आवडणारा निष्कर्ष दोनदा तपासावा. पण संशय नंतर. तिने दादाला लिहिलं, 'पट बरोबर आहे. तू उलट्या बाजूने बघितलास, मीही. बाबा आता आईच्या खुर्चीत बसतात. संध्याकाळी बोल.' आणि गार झालेला चहा तिने फार चवीने प्यायला.

बाबा उठून बाहेर आले तेव्हा त्यांचे पांढरे केस एका बाजूने उभे राहिले होते. तिला बघून त्यांचा चेहरा उजळला. "चिमटा," ते म्हणाले. "कधी आलीस? उठवायचं नाहीस का?"

"गाढ झोपला होतात."

"झोप कसली. डोळे मिटून पडलो होतो." ते थेट आले आणि तिने उठून जागा करून दिली तशी आईच्या खुर्चीत बसले. बघ, ती मनात दादाला म्हणाली. ती खिडकीशी बसली. तिने जुना प्रश्न विचारला, थोडा आवाज बदलून, त्यांच्याच सुरात. "शेवटची चाल कुठली?"

बाबा पटाकडे बघत राहिले. मग गालात हसले. "मी कशाला सांगू? तू सांग."

तिने सांगितलं. उंटाची दोन बंद दारं, घरातल्या घरात मेलेला उंट, बढतीला उंट मागणारा वेडा, आणि मग चहाचा कप. बाबा मान डोलवत ऐकत होते. योग्य जागी त्यांच्या भुवया वर जात होत्या, योग्य जागी ते हसत होते. शेवटची चाल काळ्यांच्या हत्तीची असणार, नक्की सांगता येणार नाही पण बहुधा तीच, असं म्हणून ती थांबली, तेव्हा त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. "शाब्बास." आणि परत पटाकडे बघून, पाऊस पडेल का असं विचारावं इतक्या साध्या आवाजात त्यांनी विचारलं, "यात आपले कुठले?"

तिला आधी वाटलं हाही खेळच आहे. तिने त्यांच्याकडे बघितलं. ते वाट बघत होते.

"पांढरे," ती म्हणाली.

"हो का," बाबा म्हणाले. "बरं."

तेवढ्यात बेल वाजली आणि बाबा तिच्याआधी उठले. दारात खालच्या मजल्यावरचे ड्रायव्हरकाका होते. आयुष्यभर शहराची बस चालवली, आता निवृत्त. एक गुडघा वाकत नसल्यामुळे ते जिन्यावरून पाय बाजूने फिरवत वर यायचे. "या, या," बाबा म्हणाले. "ही माझी मुलगी. लोखंड मोडते."

"मोडलेलं बघते, बाबा."

"तेच ते."

ड्रायव्हरकाका खिडकीशी आले, तिने रिकामी केलेल्या खुर्चीत बसले आणि तो पाय सरळ भिंतीकडे लांब केला. त्या कोपऱ्यातच तो लांब करायला जागा होती. "तुझ्या बाबांची जागा बळकावली मी," ते म्हणाले. "पहिल्या दिवशी तिकडे बसलो तर पाय तिपाईला लागून सगळं राज्य आडवं. म्हणाले, तुम्ही इकडे या. तेव्हापासून खिडकी आपली." म्हणजे आई नाही, गुडघा. तिने ते मनात दुरुस्त केलं. दुरुस्त करताना बारीकसं दुखलं, पण गोष्ट आता बरोबर बसली.

बाबा तोंड धुवायला आत गेले. तिने आवाज न चढवता विचारलं, "काका, बाबा कसं खेळतात हल्ली?"

ड्रायव्हरकाकांनी आधी आतल्या दाराकडे बघितलं. "खरं सांगू? दोन्हीकडून मीच चालतो. आधी खेळायचे, चांगले खेळायचे, मला धुवून काढायचे. मग हात पटावर नेऊन तसाच धरून बसायला लागले. म्हटलं, मी तुमची चाल करू का? करा म्हणाले. आता सगळ्याच करतो. मला काय, सरळ आणि वळण एवढंच कळतं. कुणाला जिंकवायचं तेही आलटून पालटून ठरवतो." ते हसले आणि मग हसू ओसरलं. "पण एक आहे. चुकीची चाल खपवून घेत नाहीत. एकदा माझ्याकडून घोडा चुकून सरळच गेला, तर असं मनगट धरलं, सोडेनात. कुणाची बाजू ते कळत नाही त्यांना, पण चूक कळते."

तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. मग तिने विचारलं, "गॅसचं खालचं बटण?"

"मीच बंद करतो जाताना. सकाळी येऊन उघडतो. मुद्दाम नाही सांगितलं तुम्हाला. घरातली गोष्ट, आपण कशाला चव्हाट्यावर मांडायची. जिन्यात सापडतात कधीकधी, कितवा मजला विचारत. आणतो वर. कॅलेंडर काय, चपला काय, बसल्याजागी लावून टाकतो. तेवढाच उद्योग." त्यांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "जिना तेवढा त्रास देतो हल्ली."

तिने घराकडे बघितलं. पुसलेली फरशी, जोडीने लावलेल्या चपला, चालू महिना. आल्या आल्या तिने जे जे बाबांच्या बाजूने टिपून घेतलं होतं ते सगळं जागच्या जागी होतं आणि प्रत्येकामागे एक न वाकणारा गुडघा जिना चढून आलेला होता. पटावरून कुठल्या चाली झाल्या ते काढता येतं. कुणाच्या हाताने झाल्या ते पट सांगत नाही. ही इतकी साधी गोष्ट तिने विचारातच घेतली नव्हती. तिने दादासमोर जी परीक्षा ठेवली होती तिच्यात बाबा कधीच नापास झाले नसते. ड्रायव्हरकाका वर येत होते तोवर पट बरोबरच राहणार होता, घरही बरोबरच दिसत राहणार होतं, आणि ती प्रत्येक वेळी मान वर करून म्हणत राहिली असती, बघा. प्रयोगशाळेत कुणी असं मोजमाप लावलं असतं तर तिने त्याला हसून विचारलं असतं, की बाबा रे, तू नक्की काय मोजतोयस?

तिला राग आला नाही. कुणावर येणार? उलट बरंच सैल वाटलं, हातात धरून ठेवलेलं काहीतरी जड खाली ठेवल्यासारखं. ती म्हणाली, "काका, दादा बाबांना त्याच्याकडे न्यायचं म्हणतोय. लांब आहे. दोन बस बदलाव्या लागतात."

ड्रायव्हरकाकांनी खिडकीबाहेरच्या रस्त्याकडे बघितलं. "कुठली बस जाते मला सांगू नकोस," ते म्हणाले. "आयुष्यभर पुढे बसलो. आता मागे बसून येईन. फुकट पास आहे." मग म्हणाले, "तिकडे जिना आहे का?"

"नाही. खालीच खोली आहे."

"मग बरंय."

बाबा ओला चेहरा टॉवेलने पुसत आले आणि आपल्या जागी बसले. ड्रायव्हरकाकांनी विचारलं, "तुम्ही बापलेक कसलं ते उलटं खेळायचात म्हणे? मला कधी कळलं नाही ते." बाबांनी तिच्याकडे बोट दाखवलं, हिला विचारा अशा अर्थाने. ती तिपाईच्या कडेला गुडघ्यांवर बसली, लहानपणी बसायची तशी. "सोपं आहे काका. प्रत्येक चाल परत घ्यायची. हे प्यादं बघा, बढतीच्या दारात आहे. इथे ते कुठून आलं असेल? याच्या मागच्या घरातून. मग ते असं," आणि तिने दोन बोटांनी प्यादं उचललं आणि एक घर मागे ठेवलं.

बाबांचा हात आला आणि तिच्या मनगटावर बसला. घट्ट नव्हता, पण हलणारही नव्हता. हाताला साबणाचा वास होता. "असं नाही," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पहिल्यांदाच बसलेल्या मुलाला सांगावं तसं सांगणं होतं. "प्यादं मागे जात नाही."

"बाबा, आपण उलटं खेळायचो ना?"

त्यांनी तिच्याकडे बघितलं, विचार केल्यासारखं केलं. "असेल," ते म्हणाले. "पण हे मागे जात नाही."

फोन वाजला. तो तिने डाव्या हाताने काढला. दादाच्या मागे आता कुणी ओरडत नव्हतं. "वाचलं मी," तो म्हणाला. "म्हणजे तू जिंकलीस. वहिनीला सांगतो, खोली राहू दे तशी."

"हो, पट बरोबर आहे," ती म्हणाली. "तू ये शनिवारी."

"अगं, पण तू तर..."

"मी सकाळीच येऊन सामान बांधते. खुर्च्या दोन्ही न्यायच्यात, मोठी गाडी बघ. आणि तिथे भिंतीशी पाय लांब करता येईल एवढी जागा सोडायला सांग वहिनीला."

"कुणाचा पाय?"

ड्रायव्हरकाकांनी आपला पाय थोडा वर उचलून दाखवला, दादाला दिसणार असल्यासारखा. दादा पलीकडून आणखी काहीतरी विचारत होता. तिचं लक्ष मनगटाकडे होतं. बाबांनी हात काढला नव्हता. ते तिच्याकडे नाही, त्या प्याद्याकडे बघत होते, जरासे अस्वस्थ, घरातलं कुणी उन्हात उभं राहिलंय आणि आत येत नाहीये असे. तिने फोन कान आणि खांदा यांच्यात धरला आणि मोकळ्या झालेल्या डाव्या हाताने प्यादं उचलून पुन्हा पुढे, दाराशी, त्याच्या जागेवर ठेवलं. मग बाबांची बोटं एकेक करून सुटली.